स्कूटरवर मामंजी

आमच्या दारापर्यंत स्कूटर येत नाही. मंगला गौरीच्या गल्लीत रस्त्यापेक्षा पायऱ्याच जास्त. म्हणून मी विजेवरची स्कूटर घ्यायचं म्हटलं तेव्हा यांनी विचारलं, चार्ज कुठे करणार, छतावर? मग मी बॅटरी काढून नेता येईल अशी गाडी शोधली. गाडी रस्त्यालगत दूधवाल्याच्या आवारात राहते आणि शाळेतून परतल्यावर मी बॅटरी उचलून घरी आणते. भरलेल्या बादलीएवढं ओझं. पहिला आठवडा खांदा दुखला, पण पेट्रोल पंपाची रांग सुटली, म्हणून बोलले नाही. दुकानदारानं एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर सांगितले होते. मला सत्तर मिळाले. तेवढे पुरतात.

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, आयुष्यभर रामघाटावर मुलांना वेदांची संथा दिली. जायचं ते पायी किंवा नावेनं. गुडघे धरल्यापासून तेही थांबलं होतं. माघात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पुन्हा तपासायला लंका भागातल्या डॉक्टरांकडे जायचं होतं. त्या सकाळी ई-रिक्शा काही मिळेना. मामंजी काठी टेकून माझ्या गाडीकडे बघत राहिले.

"मी मागं बसलो तर उलटणार नाही ना?"

"घट्ट धरा, म्हणजे नाही उलटणार," मी म्हटलं.

धोतर सावरून ते एका बाजूला बसले. गोदौलियापर्यंत माझा खांदा त्यांनी असा आवळला होता की मला वळताही येईना. सोनारपुऱ्याला पकड सैल झाली आणि मागून सूक्त म्हणण्याचा आवाज यायला लागला. गाडीला आवाजच नव्हता, त्यामुळे स्वर न् स्वर ऐकू येत होता.

डॉक्टरांनी डोळा उत्तम आहे म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर मामंजी म्हणाले, "चल, रामनगर होऊन येऊ."

रात्री वीज गेल्यामुळे बॅटरी अर्धीच भरली होती. मी मनात अंतर मोजलं आणि निघाले. पुलावर वारा होता, खाली गंगा पसरलेली. चौदाव्या वर्षी पैज लावून आपण पोहत पलीकडे गेलो होतो, हे त्यांनी मला तिथं सांगितलं. दमून वाळूतच झोप लागली, मल्लाहानं नावेतून परत आणलं आणि वडिलांनी काठावरच फटकावलं. सांगताना ते एवढे हसत होते की गाडी हलत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण घरात आमचं बोलणं जेवण आणि औषधापलीकडे कधी गेलं नव्हतं.

रामनगरला दोन-दोन कुल्हड लस्सी झाली. परतताना मैदागिनजवळ चार्ज बारा टक्क्यांवर आला आणि गाडी मंदावली. मामंजी म्हणाले, मी उतरतो, ओझं कमी होईल. मी त्यांना उतरू दिलं नाही. सायकली आमच्या पुढे जात होत्या, पण आम्ही पोचलो.

संध्याकाळी यांनी विचारलं, "बाबा, कशी वाटली गाडी?"

"चांगली आहे," मामंजी म्हणाले. "बोललेलं ऐकू येतं."

आता रविवारी ही स्कूटर दुसऱ्या कुणाला मिळत नाही. सारनाथ दोनदा झालं. शनिवारी रात्री मामंजी स्वतः प्लग तपासून मगच झोपतात.