आतोबांचं लॅव्हेंडर

जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर एकच औषध आहे आणि ते चिमूटभर पुरतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला: माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. बँकेतून निवृत्त होऊन उज्जैनच्या नानाखेड्याला स्थायिक झालेले, स्वभावाने गरीब. पण लॅव्हेंडरचा विषय निघाला की थेट हकीम.

जम्मूला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने पिशवीभर वाळकी जांभळी फुलं पाठवली, तिथून हे सुरू झालं. आतोबांनी जुन्या सदऱ्यांच्या पुरचुंड्या शिवल्या, त्यांत फुलं भरली आणि घरभर पेरली. आत्याच्या शालूंना कसर लागायची थांबली, तोवर सगळे खूश होते. मग पुरचुंड्या उशांत शिरल्या, आंघोळीच्या बादलीत तरंगू लागल्या. कुणी डोकं दुखतं म्हणायचा अवकाश, कपाळाला लॅव्हेंडरचं तेल. डासांना त्याची धुरी, पाहुण्यांना त्याचा काढा. एकदा पहिल्याच घोटाला माझ्या नवऱ्याने विचारलं, "आतोबा, कपाला साबण राहिलाय का?" टावर चौकात त्यांनी पोह्यांवर टाकायला खिशातून चिमूट काढली, तेव्हा पोहेवाल्याने हातच जोडले. "बाबूजी, पोहे में सेव डलती है, अगरबत्ती नहीं!"

पुढे रोपही आलं. उज्जैनच्या मे महिन्यात पहाडी झाड जगवायचं म्हणून कुंडी कूलरसमोर बसली. आत्या पदराने वारा घेत मला म्हणाली, "बघ गं, कुंडीला कूलर आणि मला पंखा! परेशान करून सोडलंय ह्या माणसाने." रोप तरीही गेलं. आतोबा कितीतरी दिवस त्या कुंडीला पाणी घालत राहिले.

दिवाळीत करंजीतही तोच वास आला, तेव्हा मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन आत्यापाशी कुरकुरले. तिने दार लोटून घेतलं.

"हळू बोल. किती पडतं ते त्यांना कळत नाही. मागे मोठा ताप आला होता ना, त्यात ह्यांना वास येणंच गेलं. डॉक्टर म्हणाले, रोज काही सुगंधी हुंगत जा, म्हणून तर पोरीने फुलं पाठवली."

"म्हणजे लॅव्हेंडरचा वास त्यांना..."

"कधीच आलेला नाही गं."

मी ती करंजी मुकाट्याने संपवली.

त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. मी तिथेच होते. आतोबा पेपर वाचता वाचता एकदम उठले. "अगं, दूध करपतंय!" आत्या धावली आणि अर्ध्या वाटेतच थबकून मागे वळली. "काय म्हणालात? परत सांगा." डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. पातेलं पार काळं झालं.

मग हळूहळू हिंग आला, ओली माती आली, आत्याच्या केसांतलं तेलही आलं. लॅव्हेंडर मात्र नाही. शेवटपर्यंत नाही.

आतोबा गेले त्याला आता वर्ष होत आलं. मी भेटायला गेले की ते पुरचुंडी माझ्या नाकाशी धरून विचारायचे, "बेटा, सांग ना, कसा येतोय?"

मी सुचेल ते सांगायची: थोडा कापरासारखा, थोडा उन्हात वाळलेल्या गवतासारखा, थोडा नुकत्याच धुतलेल्या सुती साडीसारखा. ते डोळे मिटून खोल श्वास घ्यायचे. जरा वेळाने मान डोलवायचे.

"हां. असाच असणार."