परका वकील

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास हे वारले, तेव्हा मृत्युपत्रात धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, त्यांनी माझ्या नावे लिहिली होती. दीर म्हणाले, "वहिनी, वकील कायले पायजे? घरचाच मामला आहे."

त्या 'घरच्या'चीच मला चीड होती. बांध्या तेच कसत होते आणि धानही त्यांच्याच कोठीत जात होतं. आमच्या पवनीचे सगळे वकील त्यांच्या बैठकीतले, म्हणून कुणाला न सांगता मी एस.टी.नं भंडारा गाठलं आणि नागपूरहून आलेला वकील मुद्दाम शोधला.

त्यानं कागद बाजूला सारून आधी गाव विचारलं, मग सासरची नातीगोती. आमच्याकडे त्याशिवाय बोलणं पुढं सरकतच नाही, म्हणून मीही सगळं सांगून बसले. तो खूश झाला.

"अजी, मग तर आपण सोयरेच निघालो! माझी बहीण तुमच्या दिराच्या साळ्याले दिली आहे."

चहा आला. तो तसाच ठेवून मी कागद परत पिशवीत घातले.

रविवारी दीर घरी आले. सोबत तोच वकील होता.

"एवढ्या दूर काहून गेल्या, वहिनी? आता पाव्हण्याले जेवू घाला."

तांदूळ त्यांनी सोबतच आणला होता, माझ्याच बांध्यांतला.