तेवीस वर्गमित्र आणि एक मामा

जगात कुठलाही विषय काढा, त्यात काम करणारा एक वर्गमित्र माझ्या बायकोच्या आतेभावाकडे निघतोच. मॉलमध्ये चीज घ्यायला थांबलो, तर चीजच्या नावावरून दोन देशांत चाललेलं भांडण सोडवणारी बाई त्याच्या वर्गातली. आमच्या ब्लॉकची लिफ्ट बंद पडली, तर लिफ्टच्या दारात किती बोटं फट असावी याचे नियम लिहिणारा त्याच्या शेजारी बसायचा. एकदा सेरंगूनला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, माझ्या घशात माशाचा काटा अडकला. मी खोकून खोकून बेजार, आणि हा शांतपणे सांगतोय की कुठल्या समुद्रात कुणी किती मासे धरायचे हे ठरवणाऱ्या समितीत त्याचा एक आयरिश मित्र आहे, फार सज्जन माणूस. काटा शेवटी बायकोने भरवलेल्या भाताच्या गोळ्याने गेला.

हे सगळे मित्र त्याने एकाच पदवीत मिळवले. दोन वर्षं, तीन देश, तीन विद्यापीठं, वर्गात चोवीस जण आणि विषय युरोप. म्हणजे अख्खा युरोप; त्याचा इतिहास, त्याचे कायदे, त्याची भांडणं आणि ती मिटवायच्या बैठका. मी रोज सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जाणारा केमिकल इंजिनिअर. जे पाइपमधून वाहत नाही त्यावर माझा विश्वास जरा उशिराच बसतो. आमच्या ओळखीतले बाकीचेही कॉम्प्युटरवाले नाहीतर बँकवाले. त्यामुळे गेली दहा वर्षं प्रत्येक बारशाला आणि वाढदिवसाला कुणीतरी त्याला विचारतं की तुम्ही नक्की काय शिकलात. आणि हा भला माणूस, जणू आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलंय अशा आनंदाने, दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात करतो. सांगून होईपर्यंत केक संपलेला असतो.

त्या पदवीने त्याला एक खोड मात्र कायमची लावली. चारचौघांत एखादी गोष्ट ठरवायची म्हणजे प्रत्येकाचं समाधान झालंच पाहिजे, एकही माणूस नाराज राहता कामा नये. एका वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळाने दिवाळी फराळाच्या बैठकीचं अध्यक्षपद त्याला दिलं, ती आमची चूक. चकली भाजणीची की तांदळाची, यावर त्याने बावीस माणसांची मतं दोन तास ऐकली, प्रत्येकाची हरकत लिहून घेतली, आणि शेवटी ठराव केला की चकली तत्त्वतः मान्य आहे. त्या वर्षी सगळ्यांनी फक्त चिवडा खाल्ला. तो मात्र खूश होता, कारण कुणीही भांडून घरी गेलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, भांडायला चकली तरी हवी होती.

नोकरी त्याची चांगी बिझनेस पार्कमध्ये, एका युरोपियन बँकेच्या बॅक ऑफिसात. तिकडून एखादा नवा नियम आला की तो वाचायचा आणि इथल्यांना चार ओळींत समजावून सांगायचा, एवढंच काम. चार ओळी त्याच्याकडून आजवर लिहून झालेल्या नाहीत. एकदा आमच्या प्लान्टमधून युरोपला निघालेली पिंपं लेबलाच्या घोळात बंदरावर अडकली, तेव्हा मी नाइलाजाने त्याला फोन लावला. तो नियम मुळात का झाला, त्याला कुठल्या देशाने विरोध केला, मग त्याची समजूत कशी घातली, हे चाळीस मिनिटं ऐकल्यावर शेवटच्या मिनिटात त्याने कुठलं लेबल लावायचं ते सांगितलं. पिंपं दुसऱ्या दिवशी सुटली. ऑफिसात मी त्याचं नाव सांगितलं नाही, याची आज लाज वाटते.

तर अशा माणसाला मी यंदा मार्चमध्ये मुद्दाम जेवायला बोलावलं, आणि तेही माझ्या मुलीला घाबरवायला. तिची पदवी संपत आली होती, एका चांगल्या कंपनीचं नोकरीचं पत्र हातात होतं. त्याच आठवड्यात तिने सांगितलं की मामाने केली तसलीच पदवी करायला तिने अर्ज केला होता आणि तिला प्रवेशही मिळालाय. महिनाअखेरपर्यंत कंपनीला हो की नाही कळवायचं होतं. मी त्याला एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर गाठून म्हटलं, बाबा रे, तू तिला आवडतोस, तुझं ती ऐकेल. तुझी किती वर्षं वाया गेली ते खरंखरं सांग. त्याने मान डोलावली आणि तीन आठवड्यांची मुदत मागितली. खरं सांगायला मुदत कशाला लागते, हे मला तेव्हा कळलं नाही.

तो आला तो हातात जाडजूड अहवाल घेऊन. त्याने तेवीसच्या तेवीस वर्गमित्रांना पत्र लिहून विचारलं होतं की तुम्ही आज काय करता आणि तुमच्या मुलीला या पदवीला पाठवाल का. सगळ्यांची उत्तरं आली होती. एक जण परराष्ट्र खात्यात लागलाय, त्याचं मी मनातल्या मनात कौतुक केलं. पण त्याखाली लगेच एक व्हिएतनामी मुलगी होती, जी बेल्जियममध्ये नूडल्सचं दुकान चालवते. एक जण मुलांच्या बागेतल्या घसरगुंड्या तपासतो. एक ग्रीक गृहस्थ वडिलांच्या ऑलिव्हच्या बागेत परत गेलेत आणि पर्यटकांना झाडांना हात लावू नका असं पाच भाषांत सांगतात. दोघांनी एकमेकांशी लग्न केलंय आणि कुठल्या देशात राहायचं हे अजून ठरवताहेत. मुलीला पाठवू म्हणणारे आणि नको म्हणणारे जवळजवळ सारखेच. एका फ्रेंच माणसाने प्रश्नच चुकीचा आहे असं दोन पानं लिहिलं होतं, तेही त्याने परिशिष्टात जोडलं होतं. मी खूश झालो. घसरगुंड्यांनी माझं काम केलं असं मला वाटलं.

मुलीने अहवाल शेवटपर्यंत वाचला आणि मान वर करून, इथल्या मुलांच्या सवयीने शेवटी लाह लावत, म्हणाली, "मामा, तुझं नाव लिस्टमध्ये नाहीच लाह. तू काय म्हणतोस?"

तो गोंधळला. विचारणाऱ्याने स्वतःचं मत घालायचं नसतं, वगैरे पुटपुटला. मग त्याने चमचा खाली ठेवला आणि सांगायला लागला. पदवी घेऊन आल्यावर चौदा महिने तो सांगलीला घरी बसून होता. वाटेत लोक विचारतात की मुलगा काय करतो, म्हणून त्याच्या वडिलांनी संध्याकाळी फिरायला जाणं बंद केलं. आत्ताची नोकरी पदवीमुळे मिळाली की नशिबाने, हे त्याला आजही सांगता येत नाही. मी मुलीकडे पाहिलं. ती रडवेली झाली होती.

"हे सगळं मी लपवणार नाही," तो म्हणाला. "पण त्या दोन वर्षांत मी एकदाही एकटा जेवलो नाही गं. कुणी ना कुणी दार वाजवायचंच. एकट्याने जेवायला मी नंतर शिकलो. मला परत विचारलं, तर मी परत जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कंपनीला नाही म्हणून कळवलं. मी चार दिवस त्याचा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी उचलला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दाजी, तुमचं काम मी बिघडवलं. मला खोटं बोलता आलं नाही." त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी रागाला कुठे जागा सापडेना.

ऑगस्टच्या शेवटी ती युरोपला गेली. घर एकदम मोठं झालं. मुलं मोठी होतात, जातात, हे मी दुसऱ्यांना इतक्या वेळा समजावलं होतं की स्वतःला त्याची गरज पडेल असं वाटलंच नव्हतं. परवा मंगळवारी संध्याकाळी मी फोन केला, तिकडे दुपार होती, तर मागे सात-आठ जणांचा कल्ला. ती पोळ्या करत होती. आमच्याकडे असताना तिने कधी पोळपाट हातात धरला नाही. "बाबा, सगळे थांबलेत, नंतर बोलते," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी थोड्या वेळाने तिच्या मामाला फोन लावला. तो ऑफिसजवळच्या फूड कोर्टात रांगेत उभा होता. म्हटलं, रांग सोड आणि घरी ये. तासाभराने तो आला, हात धुऊन पानावर बसला. बायकोने आमटी वाढली. त्या दिवशी त्याने एकाही वर्गमित्राचं नाव काढलं नाही.

"फोन मध्येच ठेवते ना?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

"मी पण ठेवायचो. बाबा मग बराच वेळ फोन हातात घेऊन बसून राहायचे म्हणे. आईने मला हे बाबा गेल्यावर सांगितलं."

मी त्याच्या पानात आणखी थोडा भात वाढला.