पायातली पाहुणी

किरनापुरात कुणाच्या घरी मयत झाली की तिसऱ्या दिवशी बोलावणं यायचं ते दादाजीला. राख सावडावी तर त्यानंच. पायाकडून सुरुवात करायची, डोक्याशी संपवायचं आणि हाडाचा बारीक तुकडाही मागं ठेवायचा नाही. वैनगंगेवर निघायला खोळंबलेले घरचे मग कितीही कुरकुर करोत. माणूस मोठा चिवट, पण घरोघरच्या दुःखात उभा राहिलेला. म्हणूनच धानाची ट्रॉली उलटून त्याच्या नडगीचा चुरा झाला, तेव्हा अर्धं गाव बालाघाटच्या दवाखान्यात लोटलं.

सळई बसली, पण मधलं हाडच उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कमरेचं हाड काढून भरू, पण तेवढ्यानं भागणार नाही. एका बाईचा खुबा बदलला तेव्हा काढलेलं हाड तिनं दान दिलंय, ते नागपूरला हाडांच्या बँकेत आहे. ते घातलं नाही तर पाय टेकायचं विसरा.

दादाजी अडून बसला. "उद्या मी मेलो, त माह्या राखेत कोन्या बाईचं हाड निंघन. सावडनारा ते कोनाचं म्हनून नदीत सोडन?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. बायको गोदाबाई मात्र भडकली. "आन् आता ते बरफात पडून हाय, त्याले कोन सावडून राह्यलं? बाई जित्ती, हाड बेवारस!"

हे त्याला लागलं. बेवारस हाड टाकून तो कधी घरी आला नव्हता. म्हणाला, "आना."

ऑपरेशननंतर तो त्या पायाला असा जपायचा, जणू घरात पाहुणी आली आहे. काठी लागली तर पुटपुटायचा, "माफ करजो, बाई." गोदाबाईला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा.

पुढच्या वर्षी एक्स-रे बघून डॉक्टर खुलले. "जुळलं! तिचं हाड हळूहळू विरत गेलं, त्या जागी तुमचंच भरून आलं. आता सगळं तुमचं."

दादाजीचा चेहरा उतरला. आपल्या हाडांसोबत जिला वैनगंगेला न्यायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं, ती न सांगताच निघून गेली होती. त्याला फार वाईट वाटलं.

"ते बाई चालत असन न, डॉक्टर?"

तिचं नाव-गाव डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. गोदाबाईच म्हणाली, "चालत असन. तुमच्यावानी तोंड पाडून नाई बसली असन."

"हौ," दादाजी म्हणाला, आणि काठी तिच्या हातात देऊन पायऱ्या उतरू लागला.