पर्समधला कागद

मैत्रिणींनो, दुपारी बारामतीच्या दवाखान्यातून आले, तेव्हापासून पर्स उघडायची हिंमत होत नाही.

काटेवाडीची सुमन माझी जुनी शेजारीण. तिला स्तनाच्या कॅन्सरची गोळी चालू आहे. एकवीस दिवस रोज एक, मग सात दिवस बंद. नवरात्राच्या उपवासात तिनं चार दिवस गोळी घेतलीच नाही आणि नंतर रोज दोन-दोन घेतल्या. आता पांढऱ्या पेशी घसरल्यात आणि ती तापानं फणफणलीय.

"अगं, दोन कशाला घेतल्यास?" मी ओरडले.

"बाई, उसाचं पाणी चुकलं तर फुडच्या खेपंला जास्त सोडतो न्हवं? तसंच केलं."

डॉक्टर वैतागले. "चुकलेली गोळी भरून काढायची नसते. आम्हाला एक फोन करायचा! डबीतल्या कागदावरही लिहिलंय. वाचला नाही?"

"बाईंकडं दिलाय की वाचायला," सुमन म्हणाली. "त्यास्नी इंग्रजी येतंय."

औषध इथं विकता, मग कागद मराठीत छापायला काय धाड भरते, असं मी तिथंच सुनावणार होते. पण 'उद्या वाचून सांगते' म्हणत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी तो कागद महिनाभर पर्समध्ये घेऊन फिरतेय.

तुमच्या पर्समध्ये कुणाचा कागद आहे?