अंगठा सा वरच

सुमे, अशी मावशीजवळ ये. हात पोचत नाही म्हणून पेटी शिकणं सोडलंस? शोभतं का तुला? माझीही बोटं आखडलीत. सा-ग-प एकदम दाबायचे, मग उडी मारून म-ध आणि वरचा सा. दरवेळी चुकायची. वाटलं, संपलं आपलं वाजवणं.

काल सहज पाहिलं, तर सा दोन्ही तिकड्यांत आहेच की! मग अंगठा सा वरच ठेवला आणि बाकीची दोन बोटं म-ध वर सरकवली. सूर तेच, फक्त वरचा सा खाली आला. भजनात आम्ही बायका सतरंजीवर जागा बदलतो, तरी मंडळ तेच राहतं, तसं. इतकी वर्षं उगाच अख्खा हात उचलत होते गं!

चल, बस पेटीपुढे. भाता मी हलवीन, तू नुसती बोटं सरकव.