चीफकाका बेटावर उतरले नाहीत

चीफकाकांइतका प्रवासाला कुचकामी माणूस सिंगापूरच काय, सातही समुद्रांवर शोधून सापडणार नाही, आणि हे मी रागानेच लिहिते आहे. उभी हयात जहाजांची इंजिनं सांभाळून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ सिंगापुरात टॅम्पिनीसला आमच्या थेट डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. जग पाहिलंत का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "पाहिलं की. खालून." माणसांचं बोलणं त्यांना धड ऐकू यायचं नाही, पण यंत्रांचं मजल्याच्या आरपार ऐकू यायचं. आमचा पंखा जरा टकटकला की ऐन जेवणाच्या वेळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर. माझी लेक एकदा वैतागून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, इट्स ओन्ली अ फॅन, लाह." तर तिला भरल्या ताटावरून उठवून त्यांनी बेअरिंग म्हणजे काय ते शिकवलं. वरण गार झालं ते झालंच.

बिचाऱ्या काकू लग्नानंतर दोन वर्षं त्यांच्या जहाजावर राहिल्या होत्या. बंदर आलं की त्या दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोबरोबर उतरायच्या, हे खाली इंजिनरूममध्ये. ग्रीसच्या किनाऱ्यालगतचं एक चिमुकलं बेट त्यांनी असंच डेकवरून एकटीनं पाहिलं होतं. तिथं एकदा नवऱ्याबरोबर चालायचं, एवढंच त्यांचं मागणं. काका निवृत्त झाल्यावर आमच्या दोन्ही घरांनी मिळून तो बेत ठरवला. काकूंनी चालायला नवे बूट घेतले आणि काकांनी माझ्यादेखत शब्द दिला, "या वेळी उतरणार."

बेट किनाऱ्याच्या इतकं जवळ की पलीकडच्या दोरीवर वाळणारे कपडे दिसत होते. टॅम्पिनीसहून सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला जायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण तेवढ्याशा वाटेत लाँचचं इंजिन खोकलं आणि काकांनी कान टवकारले. धक्क्यावर आम्ही सगळे उतरलो, काकू उतरल्या, वळून पाहतो तर काका लाँचवाल्याशेजारी उकिडवे बसलेले. "पुढच्या फेरीला येतो," म्हणाले आणि परत गेले. पुढच्या फेरीलाही तेच. आम्ही पांढऱ्या घरांच्या गल्ल्या, लिंबांच्या बागा सगळं पाहून आलो, तरी काकू धक्क्यावर दोन कॉफ्या मागवून बसलेल्या. एक कॉफी निवून गेली होती. मला इतका संताप आला, की लाँच लागताच मी काकांना काय वाटेल ते बोलले. त्यांनी काळे हात पुसले आणि काकूंना म्हणाले, "तू ये ना इकडे. ऐक जरा." आणि काकू नव्या बुटांनिशी लाँचमध्ये चढल्या. त्या दोघांनी संध्याकाळपर्यंत नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

हॉटेलवर मी फणफणत विचारलं, बेट राहिलंच ना तुमचं? काकू बूट काढता काढता म्हणाल्या, "बेट कुठं जातंय गं. जहाजावर हे मला कधी खाली येऊ द्यायचे नाहीत, गरम असतं म्हणायचे. हे काय ऐकतात ते आज मला पहिल्यांदा ऐकवलं."

काकूंनी माफ केलं, मी नाही. पुढं दोघं रत्नागिरीला निघून गेले आणि वरचा फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला. आमचा पंखा गेले कित्येक दिवस टकटकतो आहे. आम्ही गरम वरण जेवतो आणि वरून कोणी येत नाही, याचा मला फार राग येतो.